वार्धक्य : फक्त चालत्या-फिरत्यांसाठी

ज्येष्ठ नागरिक हा मूलतः प्रवासी प्राणी आहे, अशी महाराष्ट्र शासनाची दृढ धारणा दिसते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी गाठलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला असून, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबाही या सवलतीस निर्विवाद पात्र आहेत. त्यांना स्टँडपर्यंत कोणी उचलून न्यायचे, हा तपशील तेवढा राहून गेला आहे. केंद्रानेही २०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्वांना ‘आयुष्मान भारत’खाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार देऊ केले, पण त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागते, आणि घरच्याच खाटेवर पडून राहण्याचा हट्ट धरणाऱ्यांसाठी शासन तरी काय करणार?

आंघोळ, कपडे, शौच, उठबस, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण या सहा गोष्टींत दुसऱ्याचा हात किती लागतो, यावरून वैद्यकशास्त्र परावलंबन मोजते. अशा शुश्रूषेसाठी जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये सक्तीचा विमा सुरू केला. भारताला त्याची गरज भासली नाही, कारण येथे सून ही संस्था पूर्वापार कार्यरत आहे. तिला हप्ता भरावा लागत नाही आणि तिचे माहेरपणही सासूबाईंच्या प्रकृतीवर अवलंबून ठेवता येते. आईवडिलांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात, सून नाही. तिची आठवण २०१९ च्या दुरुस्ती विधेयकाला झाली, तीही जबाबदारीत कसूर करू शकणाऱ्यांच्या यादीत तिला जावयासह बसवण्यापुरती. त्याच कायद्यानुसार निर्वाहभत्ता महिन्याला दहा हजारांच्या वर जात नाही, आणि पुण्या-मुंबईतील ब्यूरोमार्फत चोवीस तासांची मावशी ठेवणाऱ्या घराला तेवढ्यात महिन्याचा पहिला पंधरवडाही धड निघत नाही.

मावशी म्हणजे वृद्धांची घरी राहून शुश्रूषा करणारी स्त्री. ‘पेशंटचंच काम, वरकाम नाही’ हे ब्यूरोने आधीच स्पष्ट केलेले असले, तरी पेशंटच्या चहाबरोबर घरातील सर्वांचा चहा ठेवणे हे वरकाम ठरत नाही, याविषयी बहुतेक घरांत एकमत आढळते. गौरी-गणपतीत ती चार दिवस गावी गेली की तिची खरी किंमत घराला कळते, आणि ती परतल्यावर तिचा खाडा कापताना विसरली जाते.

न्यू जर्सीतील चिरंजीवांनी आजोबांच्या खाटेवर कॅमेरा बसवून पितृऋणाचा मोठा भाग फेडलेला असतो. संध्याकाळी मावशी मोबाइलवर मालिका पाहू लागली, की तिकडच्या सकाळच्या कॉफीबरोबर ते दृश्य टिपले जाते आणि कुटुंबाच्या ग्रुपवर तक्रार येते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी लागते. रात्री दोनला मावशी उठून ते करते, ओली चादर ओढून काढते, पावडर लावते, त्या वेळी न्यू जर्सीत दुपारची मीटिंग चालू असते.