ऑक्टेनमाहात्म्य

मनुष्याने मिताहारी असावे असा शास्त्रांचा उपदेश असला, तरी मोटारीने स्वस्ताहारी असावे हा आम्हा बदलापूरकरांचा सनातन आग्रह आहे. आणि त्यापायीच, साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे होते त्या काळात, आमच्या एका शेजाऱ्यांनी, आपल्या टर्बो गाडीच्या पुस्तिकेत ९५चे फर्मान स्पष्ट छापलेले असतानाही, तिला ९१चाच रतीब लावण्याचा शिरस्ता बिनदिक्कत चालू ठेवला होता.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलाचे सामर्थ्य, असा समज उल्हासनगरच्या गोल मैदानापासून अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवालयापर्यंत दृढ आहे. वस्तुतः ती त्याची सहनशीलता होय. आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य गुण ठरवून घेतलेल्या या परीक्षेत एवढेच पाहतात, की दट्ट्याखाली दडपलेले इंधन ठिणगीच्या ज्वालेची वाट पाहते, की तत्पूर्वीच आपण होऊन भडकते. सकाळच्या बदलापूर लोकलच्या दुसऱ्या वर्गात चेपला जाऊनही दादरपर्यंत जो अवाक्षर काढत नाही, तो प्रवासी १०० ऑक्टेनचा. आणि अंबरनाथ येण्यापूर्वीच कोपर लागल्याच्या सबबीवर जो पेट घेतो, तो हेप्टेनचा सख्खा भाऊ.

शेजाऱ्यांची गाडी कुटुंबकबिल्यासह उड्डाणपूल चढू लागली, की इंजिनातून टकटक ऐकू येई. "अहो, आतून कुणीतरी दार वाजवतंय," असे वहिनींनी वारंवार निवेदन केल्यावर उल्हासनगरच्या एका मेकॅनिकपुढे फिर्याद दाखल झाली. त्याने "साहेब, नॉकिंग!" एवढाच निवाडा दिला. मग त्याने कैफियत समजावली: ही टकटक ऐकून नॉक सेन्सर ठिणगीला विलंब करवितो, त्यामुळे दट्ट्या बचावतो, पण पिकअप मरतो आणि मायलेज घटते, सेन्सर नसलेल्या गाडीत हीच टकटक दीर्घकाळ चालली तर दट्ट्यालाच इजा होते. लिटरमागे वाचलेले रुपये अशा रीतीने किलोमीटरच्या वाटेने परत जात होते.

उलटपक्षी, कमी दाबाच्या जुन्या पद्मिनीला १०० ऑक्टेन पाजणे हा निव्वळ द्रव्यनाश; जिथे भडकण्याचे कारणच नाही, तिथे सहनशीलता विकत कशाला घ्यावी? आता तर २० टक्के इथेनॉल मिसळल्याने साध्या पेट्रोलाचेही ऑक्टेन ९५वर गेले आहे, आणि मायलेज मात्र किंचित उतरले, कारण इथेनॉलात उष्मांकच कमी. ऑक्टेन म्हणजे सामर्थ्य नव्हे, याचा याहून सरकारमान्य पुरावा कोणता हवा?

तेव्हा वाचकहो, शेजाऱ्यांचा सल्ला आणि पंपावरील फलक हे दोन्ही बाजूस ठेवून गाडीची पुस्तिका एकदा उघडा. तिच्यातल्या आकड्याहून कमी भरू नका, आणि अधिक भरून पुण्याची अपेक्षाही धरू नका.