आमचा विरोध फक्त पार्किंगला

मशिदीला कुणाचाच विरोध नसतो, हे आधीच सांगून टाकतो. जगात कुठेही विचारून बघा. विरोध असतो तो रहदारीला, पार्किंगला, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याला, दिव्यांच्या उजेडाला. मशीद बिचारी उगाच मध्ये येते.

खात्री करून घ्यायची असेल तर न्यू जर्सीतलं बास्किंग रिज बघा. बर्नार्ड्स टाउनशिपमधलं हे खाऊनपिऊन सुखी गाव. सॉमरसेट काउंटीत येतं. मराठी माणसाला ही काउंटी परकी नाही, कारण ब्रिजवॉटरचं बालाजीचं देऊळ तिथेच आहे. इथून मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांचा एक तरी रविवार त्या देवळात जातो आणि फोटो मग इथल्या ग्रुपवर वर्षभर फिरतात.

तर या गावात मोहम्मद अली चौधरी नावाचे गृहस्थ राहतात. पाकिस्तानी वंशाचे, अर्थशास्त्रात डॉक्टरेट, आयुष्यभर एटी अँड टीत नोकरी. २००४ साली ते याच टाउनशिपचे महापौर होते. म्हणजे उपरे म्हणावेत तर पंचाईत. महापौर झाले तोवर सगळं गोड होतं. पुढे त्यांना नमाजासाठी चार भिंती हव्याशा वाटल्या, आणि गावाला अचानक गटारांची काळजी लागली.

त्यांच्या इस्लामिक सोसायटीने २०११ मध्ये चार एकरांहून थोडी मोठी जागा घेतली. रस्त्याचं नाव चर्च स्ट्रीट. (हे मी रचलेलं नाही.) त्या भागात प्रार्थनास्थळाला नियमाने परवानगी होती आणि किमान तीन एकर जागेची अट होती, तीही पुरी होत होती. इमारत ४,२५२ चौरस फुटांची. आमच्याकडे बिल्डरच्या माहितीपत्रकातलं क्लब हाऊस यापेक्षा ऐसपैस असतं. घुमट नाही. मिनार ठेवले, पण आजूबाजूच्या घरांच्या धुराड्यांसारखे दिसतील असे. थोडक्यात, मशीद इतकी संकोचून उभी राहणार होती की शुक्रवारी नमाजाला येणाऱ्यालाच पत्ता विचारत फिरावं लागलं असतं.

२०१२ मध्ये अर्ज गेला. नियोजन मंडळाने सुनावण्या घेतल्या. एकोणचाळीस. साडेतीन वर्षं. एवढ्या बैठकांत आमच्याकडे पाच सोसायट्यांच्या पुनर्विकासाचं भांडण मिटतं. (खोटं. एकाचंही मिटत नाही. पण तिथे निदान बिल्डर चहा-समोसे तरी पाठवतो.)

आता पार्किंग. नियम असा, की चर्चमध्ये तीन माणसांमागे एका गाडीची जागा ठेवायची. दीडशे माणसं येणार, म्हणजे पन्नास जागा. सोसायटीने पन्नास दाखवल्या. मंडळ म्हणालं, थांबा, ते चर्चचं झालं. तुमची मशीद आहे. शुक्रवारी भर दुपारी माणसं कामावरून थेट येणार, एकेका गाडीत एकेकटी येणार. तेव्हा तुम्हाला एकशे सात जागा लागतील. वा! ख्रिस्ती कुटुंब एका गाडीत मावतं, ज्यू कुटुंब मावतं, मुसलमान तेवढा गाडीत एकटाच बसतो.

बरं, एकशे सात तर एकशे सात. तेवढ्या काढून दाखवल्या. मग मंडळाच्या ध्यानात आलं की गाड्यांच्या जागा वाढल्या म्हणजे डांबर वाढलं. डांबर वाढलं म्हणजे पावसाचं पाणी जिरणार नाही. ते जाणार कुठे? शेजाऱ्याला दिसू नये म्हणून झाडांचा आडोसा हवा, तो पुरेसा कुठे आहे? आगीचा बंब आत वळणार कसा? आधी दुप्पट पार्किंग मागायचं आणि ते दिलं की एवढं पार्किंग कशाला म्हणून विचारायचं. आमच्याकडच्या बांधकाम खात्यातल्या मुरलेल्या कारकुनानेही इथे हात जोडले असते.

दरम्यान २०१३ मध्ये टाउनशिपने प्रार्थनास्थळांचा नियमच बदलला. तीन एकरांच्या जागी सहा एकर. योगायोग म्हणतात तो हाच.

विरोधकांच्या संघटनेचं नाव तर काय सुरेख होतं: जबाबदार विकासासाठी नागरिक. विकासाला विरोध नाही आणि धर्माचा तर उल्लेखही नाही. याच सुमारास त्या जागेवरच्या टपालपेटीवर लिहिलेली संस्थेची आद्याक्षरं कुणीतरी बदलून तिथे ‘आयसिस’ करून ठेवलं. हाही बहुधा पाण्याच्या निचऱ्याचाच प्रश्न असावा.

डिसेंबर २०१५ मध्ये अर्ज फेटाळला. सोसायटी न्यायालयात गेली. २०१६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या न्याय खात्यानेही टाउनशिपवर दावा लावला. अमेरिकेत यासाठी २००० सालचा एक कायदा आहे. जमीनवापराच्या नियमांआडून कुणाच्या उपासनेची अडवणूक करायची नाही, एका धर्माला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं लावायचं नाही. तिथल्या संसदेत तो एकमताने झाला होता. म्हणजे पार्किंगची ही युक्ती तिथल्या खासदारांना फार आधीपासून माहीत होती. ३१ डिसेंबर २०१६ रोजी न्यायाधीश मायकेल शिप यांनी सांगितलं की चर्चसाठीचा नियम मशिदीलाही लागू होतो, वेगळं गणित मांडणं हा भेदभाव आहे. एवढ्यासाठी निकाल लागावा! चौथीच्या मुलाने फुकट सांगितलं असतं.

फुकट मात्र झालं नाही. मे २०१७ मध्ये तडजोड झाली, साडेबत्तीस लाख डॉलरची. मला हिशेबाची खोड आहे म्हणून भागाकार केला. वाद एकशे सात वजा पन्नास, म्हणजे सत्तावन्न जागांचा. जागेमागे सत्तावन्न हजार डॉलर पडले. दादरच्या बिल्डरांनी नोंद घ्यावी. भाव अजून वर जायला वाव आहे.

खरी गंमत पुढेच आहे. तडजोडीनुसार पुन्हा एक जाहीर सुनावणी व्हायची होती आणि तिच्यासाठी एक अट घातली होती, की इस्लामबद्दल किंवा मुसलमानांबद्दल बोलायचं नाही. साधी अट. जे पाच वर्षं सांगत होते की आमचा इस्लामशी संबंधच नाही, त्यांना ती जड जायचं कारण नव्हतं. आणि तरी काही रहिवासी न्यायालयात गेले. आमच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याची गळचेपी होते, म्हणाले. आता इस्लाम वगळून पार्किंगबद्दल बोलायचं तर माणसाने बोलावं तरी काय?

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण सॉमरसेट काउंटीत पोचलेली नव्हती, असंही दिसतं. कारण त्याच काउंटीत, बालाजीच्या ब्रिजवॉटरमध्ये, २०११ साली अल फलाह सेंटरने एक जुनं हॉटेल घेऊन तिथे मशीद करायचं ठरवलं होतं. टाउनशिपने लगबगीने नवा नियम केला, की प्रार्थनास्थळं अमुक मोठ्या रस्त्यांवरच हवीत. ते हॉटेल नेमकं त्या रस्त्यांवर नव्हतं. २०१४ मध्ये हे प्रकरण साडेसत्त्याहत्तर लाख डॉलरना मिटलं. त्यानंतर न्यू जर्सीतल्याच बेयॉन शहराने २०१७ मध्ये मशिदीला नकार दिला आणि वर्षभरात चार लाख डॉलर मोजले. असहिष्णुता परवडत नाही असं म्हणतात. न्यू जर्सीला परवडते. विमा असतो.

यापेक्षा टेनेसीतले मर्फ्रीसबोरोचे लोक मला परवडले. २०१० मध्ये तिथे इस्लामिक सेंटरचं काम सुरू झालं तेव्हा कुणीतरी बांधकामाची यंत्रं पेटवून दिली, आणि विरोधक न्यायालयात म्हणाले की इस्लाम हा धर्मच नाही, मग धर्मस्वातंत्र्य कसलं? न्याय खात्याला लेखी कळवावं लागलं की इस्लाम हा धर्म आहे. चौदाशे वर्षं जुन्या धर्माला हा दाखला टेनेसीत मिळायचा होता. ते सेंटर २०१२ मध्ये उघडलं. रानटी लोक, मान्य. पण पोटात एक, ओठात एक असं नव्हतं.

स्वित्झर्लंडनेही आडवळण घेतलं नाही. सरळ राज्यघटनेत लिहिलं. २९ नोव्हेंबर २००९ ला सार्वमत झालं, ५७.५ टक्के लोकांनी हो म्हटलं आणि घटनेच्या ७२ व्या कलमात एक वाक्य आलं: मिनार बांधायला मनाई आहे. त्या दिवशी अख्ख्या देशात मिनार होते चार. एकावरूनही बाहेर अजान दिली जात नव्हती. त्यातला वांगेन गावचा सहा मीटरचा, म्हणजे जेमतेम दोन मजले. एवढ्यासाठी राज्यघटना! आणि हे त्या देशात, जिथे अनेक गावांत चर्चची घंटा रात्रीसुद्धा दर पाव तासाला टोल देते आणि गाईंच्या गळ्यातल्या घंटांवर आपल्या सिनेमाने अर्ध्या पिढीला प्रेमात पाडलं.

बंदीच्या बाजूने सगळ्यात भरभरून मतं पडली ती आपेनझेल इनररोडेन नावाच्या डोंगरातल्या चिमुकल्या परगण्यात, सत्तर टक्क्यांहून जास्त. जिनिव्हा आणि बाझल या शहरांनी, जिथे मुसलमान शेजारी रोज भेटतो तिथल्यांनी, नकार दिला. बंदीच्या प्रचारात स्त्रियांच्या हक्कांचा कळवळाही होता. त्या आपेनझेलने आपल्याकडच्या बायकांना परगण्याच्या कारभारात मत द्यायचा हक्क १९९० पर्यंत दिला नव्हता, तोही शेवटी न्यायालयाने द्यायला लावला. इतर धर्मांतल्या बायकांची काळजी घेताना घरच्यांकडे थोडं दुर्लक्ष व्हायचंच.

निकाल लागला आणि लोझानजवळच्या बुसिन्यीत जोड्यांच्या दुकानांच्या एका मालकाने निषेध म्हणून आपल्या इमारतीच्या धुराड्यालाच मिनाराचा आकार दिला. म्हणजे न्यू जर्सीत मिनाराने धुराड्याचं सोंग घ्यायचं आणि स्वित्झर्लंडमध्ये धुराड्याने मिनाराचं. त्या दुकानदाराला पार्किंगबद्दल कुणी विचारलं का, ठाऊक नाही.

एवढं वाचल्यावर तुमच्या ओठांवर काय आलंय ते मला कळतंय. ‘त्यांच्या देशात आपल्याला बांधू देतात का?’ हे २०१० मध्ये न्यूट गिंगरिच यांनीही विचारलं होतं. न्यूयॉर्कमध्ये जुळ्या मनोऱ्यांच्या जागेपासून दोन चौक पलीकडे इस्लामी केंद्र व्हायचं होतं तेव्हा ते म्हणाले, सौदी अरेबियात चर्च आणि सिनेगॉग होईपर्यंत इथे मशीद नको. सौदीचं तसंच आहे, नाकारत नाही. पण मग आपल्या लोकशाहीची फूटपट्टी रियाधहून मागवायची का, एवढंच विचारतो. फूटपट्टी आखातातूनच आणायची तर शेजारून आणा. अबू धाबीत २०२४ च्या फेब्रुवारीत स्वामिनारायण मंदिराचं उद्घाटन झालं. तिथल्या शेखांनी आधी साडेतेरा एकर दिले मंदिराला, आणि नंतर आणखी साडेतेरा दिले. ते कशाला? पार्किंगला.

आमचे एक मेहुणे न्यू जर्सीत असतात. बास्किंग रिजचा विषय काढला तर म्हणाले, ‘अरे, धर्माचं काही नाही रे. आम्ही एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो. शाळा सुटायच्या वेळेला रस्ता तुंबतो. तुला तिथे बसून नाही कळायचं.’

‘आणि दिवाळीला तुमच्या देवळाबाहेर?’

‘ते वर्षातून एकदा. शेजारच्या शाळेच्या पार्किंगमध्ये लावतो, शटल असते. नीट व्यवस्था असते आपली.’

मी त्यांना कॅलिफोर्नियातल्या चिनो हिल्सची गोष्ट सांगितली. तिथल्या स्वामिनारायण मंदिराच्या शिखरांच्या उंचीवरून गावात केवढं वादळ झालं होतं, २००४ मध्ये नगरपरिषदेने परवानगी नाकारली होती, आणि मंदिर उभं राहायला २०१२ उजाडलं. शिखरांमुळे गावाचं गावपण जातं असं तिथल्यांचं म्हणणं. धर्माला विरोध तिथेही नव्हता. उंचीला होता.

‘तो शुद्ध वर्णद्वेष,’ मेहुणे ताडकन म्हणाले. ‘आपल्या लोकांनी असल्या ठिकाणी संघटित व्हायला पाहिजे.’

झाले आहेत. परवाच त्यांनी मला त्यांच्या ग्रुपवरचा निरोप पुढे पाठवला. त्यांच्या देवळाचा हॉल वाढवायचाय. टाउनशिपमध्ये सुनावणी आहे, शेजाऱ्यांनी हरकती घेतल्या आहेत. सगळ्यांनी सहकुटुंब मोठ्या संख्येने यावं. खाली ठळक अक्षरांत सूचना होती: तीन-चार घरांनी मिळून एकच गाडी आणावी, आणि ती दोन चौक अलीकडे लावून चालत यावं.