दाजींची नातेपुते सफर

आमच्या दाजींचं प्रवासशास्त्र फार सोपं आहे. गाव कुठलंही असो, चांगलं खायचं, चांगलं प्यायचं आणि रात्री समोर बसून गाणं ऐकायचं. देवळं, संग्रहालयं आणि नातेवाईक वर्ज्य. या शास्त्रानुसार ते व्हिएन्ना करून आले. तिथल्या ऑपेरात उभं राहून ऐकायचं स्वस्त तिकीट मिळतं, ही माहिती त्यांनी अख्ख्या खानदानाला एकेक करून उभं धरून सांगितली.

अशा माणसाला मी म्हटलं, "दाजी, आषाढात नातेपुत्याला चला. खाणं फुकट, गाणं फुकट आणि उभं राहायला जागा मिळाली तर नशीब."

"नातेपुते म्हणजे माळशिरस तालुका ना?" दाजींचे डोळे चमकले. अकलूजही त्याच तालुक्यात, आणि अकलूजची लावणी स्पर्धा दाजींना नीट ठाऊक होती. त्यांनी परस्पर काय ते समजून घेतलं आणि ठेवणीतला झब्बा इस्त्रीला टाकला. मी खुलासा केला नाही. 'मीही येते,' असं ताई म्हणाली तेव्हा झब्ब्याच्या जागी साधा शर्ट आला.

एरवी फलटणहून पंढरपूरकडे जाणाऱ्या माणसाला नातेपुते म्हणजे एसटी थांबली की चहा घ्यायचं गाव. एका अंगाला नीरा उजव्या कालव्यावरचा ऊस, दुसऱ्या अंगाला शिखर शिंगणापूरचा डोंगर. पण आषाढातल्या एका दिवशी ज्ञानेश्वर माउलींची पालखी बरडहून निघते, धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि संध्याकाळी नातेपुत्याला मुक्कामाला येते. त्या रात्री गावात शाळा, देऊळ, पडवी, ट्रकची सावली, जे काही आडवं होण्याजोगं असेल त्यावर कोणी ना कोणी आडवं झालेलं असतं.

"टेबल बुक करायला हवं होतं," दाजी गर्दी बघून म्हणाले.

त्याची गरज पडली नाही. पहिल्याच आळीत एका मावशींनी दाजींचा हात धरला. "पावणं, जेवल्याबिगर पुढं जायचं न्हाई."

"काय काय आहे?" दाजींनी सवयीनं विचारलं.

"पिठलं, भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी."

"आणखी?"

"आणखी पिठलं."

दाजी जेवले. पुढच्या दारात पुन्हा जेवले, कारण 'आत्ताच झालं' हे उत्तर या गावात त्या दिवशी कोणाला ऐकू येत नाही. त्याच्या पुढच्या मांडवात त्यांनी पोटावर हात ठेवून खुणेनं नकार दिला. वाढप्याला वाटलं, पाहुण्याला फारच भूक लागलीय. त्यानं दोन भाकरी जास्त घातल्या.

"पिण्याचं काय?" दाजींनी मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं. ते मागून एका कार्यकर्त्यानं ऐकलं आणि लगेच चहा आणला. दुसऱ्या मंडळानं ते पाहिलं आणि त्यांचाही चहा आला. शेवटी दाजी सुटका म्हणून नवनाथ रसवंतीगृहात शिरले. "ही साखळी मोठी दिसते," ते पाटीकडे बघत म्हणाले. "पुण्यात आमच्या कोपऱ्यावर यांचीच शाखा आहे." रस काढणाऱ्यानं चरक सुरू केला, त्यावरचे घुंगरू छुमछुमले, आणि दाजींच्या चेहऱ्यावर क्षणभर अकलूज उमटलं.

मग दिंड्या आल्या. एकट्या रथापुढेच 27 असतात, मागच्या वेगळ्या. प्रत्येकीत विणेकरी, पखवाजी, टाळकऱ्यांच्या रांगा आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. आरफळच्या हैबतबाबांनी 19व्या शतकात हा सोहळा बसवला. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, त्यामुळे घोडे, चोपदार, कर्णा असा सगळा फौजेचा थाट इथे आहे. फक्त हत्यारांच्या जागी टाळ.

दाजी रसिकाच्या नजरेनं जागा शोधू लागले. "समोरून कुठून बघायचं?"

"समोर नसतं इथं," मी म्हटलं.

खरंच नसतं. या गर्दीत ऐकणारे म्हणून वेगळे लोक उभे नाहीत. ज्याच्या हातात टाळ नाही तो हातांनी ताल धरतो. व्हिएन्नात नव्या वर्षाच्या मैफलीत शेवटच्या मार्चला श्रोत्यांनी टाळ्यांचा ठेका धरायची रीत आहे, आणि वादकांकडे पाठ फिरवून संचालक श्रोत्यांना खुणा करतो, हे दाजी नेहमी कौतुकानं सांगत. इथे तो मार्च आळंदीपासून चालू होता. एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं दाजींचे मोकळे हात पाहिले, कमरेचा जादा टाळ सोडला आणि त्यांच्या गळ्यात अडकवला. "धरा माउली. रिकामं कशापायी ऱ्हायचं?"

पालखी तळावर पोहोचेपर्यंत दाजींचा टाळ बरा पडू लागला होता, आणि तिथे समाजआरतीचा प्रसंग आला. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एका वेळी वाजत असतात. चोपदार दंड उंच करतो आणि 'होऽऽ' म्हणतो, की सगळे टाळ एका झटक्यात बंद. मग हरवलं-सापडलंच्या घोषणा, उद्या निघायची वेळ, आरती. यात एक फार जुनी सोय आहे. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिनं टाळ थांबवायचे नाहीत. सगळं शांत झाल्यावर ज्यांचे टाळ वाजत राहतात, त्यांचं गाऱ्हाणं ऐकलं जातं. अर्ज नाही, टेबल नाही, साहेब जेवायला गेलेत असंही नाही. तक्रार करायची तर सुरात करायची, आणि सगळ्यांसमक्ष.

हे मी दाजींना सांगणारच होतो. पण दाजी डोळे मिटून रंगले होते. दंड वर गेला. 'होऽऽ' झालं. सगळा तळ गप्प झाला आणि एकच टाळ वाजत राहिला. छन्, छन्, छन्.

आसपासच्या माना वळल्या. दिंडीचे विणेकरी कावरेबावरे होऊन जवळ आले. "काय तक्रार हाय तुमची?"

दाजींनी डोळे उघडले. व्हिएन्नात सूप गार होतं, पॅरिसमध्ये वेटर उद्धट होता, प्रागमध्ये गादी टोचत होती. प्रत्येक शहराची तक्रार दाजींकडे तारीखवार तयार असते. पण तीनदा जेवलेला, दोनदा चहा प्यायलेला आणि एक पैसाही न दिलेला तो माणूस बराच वेळ आठवत राहिला.

"नाही बुवा," दाजी म्हणाले. "तक्रार काहीच नाही."

"मग टाळ थांबवा की माउली! आरती खोळंबलीय."