चूक मान्य, दुरुस्ती नाही

गेल्या आठवड्यात एका कचेरीतून पत्र आलं. माझ्या अपिलाचा निकाल. वडिलांचं नाव ‘गंगाधर’ऐवजी ‘गंगाबाई’ पडलंय, एवढीच माझी तक्रार होती. उत्तर दोन ओळींचं : नोंदीत चूक झाल्याचे मान्य. तथापि दुरुस्तीची तरतूद नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. खाली गोल शिक्का, तोही अर्धाच उमटलेला.

बायको म्हणाली, ‘‘हे फक्त आपल्याकडेच होतं.’’ म्हटलं, बाईसाहेब, हेगला झालंय. आणि तेही आपल्याच नाशकातल्या प्रकरणात.

सावरकरांची मार्सेलिसची उडी नाशकात शेंबड्या पोरालाही पाठ. गांधी तलावात दोन हात मारून धापा टाकणारा माणूससुद्धा ती अशी सांगतो की जणू मागून तोच पोहत होता. शिवाय दर जयंतीला समुद्र थोडा रुंद होतो. खरं तर त्यांना कैदी म्हणून नेणारी ‘मोरिया’ बोट बंदरातच उभी होती, पोहायचं अंतर थोडंच होतं. खरी शर्यत धक्क्यावर चढल्यानंतरची. तिथे फ्रेंच पोलिसाने धरलं आणि बोटीवरच्या पहाऱ्याच्या हवाली केलं. तारीख ८ जुलै १९१०. फ्रान्सच्या जमिनीवर पाय लागला की आसरा मिळेल, हा सगळा हिशेब. तो काही मिनिटांत बुडाला. कोणी अर्ज घेतला नाही, सुनावणी नाही, दुभाष्या नाही. आश्रय नाकारण्याचा इतका सुटसुटीत मार्ग आजच्या इमिग्रेशनवाल्यांनाही सापडलेला नाही.

बोट निघून गेल्यावर फ्रान्सला जाग आली. मार्क्सचा नातू जाँ लाँग्वे याने ‘ल्युमानिते’ या वृत्तपत्रातून ओरडा केला : आमच्या भूमीवरून राजकीय माणूस परस्पर उचलून दिलाच कसा? फ्रान्सने तो परत मागितला. इंग्लंडचं म्हणणं, कसला राजकीय? २१ डिसेंबर १९०९ ला नाशकात विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या खेळाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या, ते पिस्तूल लंडनहून यानेच धाडलं, हा खुनाचा साथीदार. एकाचा राजकीय मताचा माणूस तो दुसऱ्याचा फरार आरोपी. हा वाद आजही जगभरच्या न्यायाधिकरणांत रोज चालतो, आणि १९५१ च्या निर्वासित करारात ‘राजकीय मत’ हे कारण लिहिलेलं असूनही चालतो. (आपण त्या करारावर सही केलेली नाही. आपल्याकडे निर्वासित येतात ते सरकारच्या मर्जीवर.)

अखेर दोन्ही सरकारं हेगच्या लवादात गेली. पाच पंच : अध्यक्ष बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट, फ्रान्सचा एक, इंग्लंडचा एक, नॉर्वे आणि हॉलंडचा एकेक. बेर्नार्ट आणि फ्रान्सचे रेनो हे दोघे तर शांततेचे नोबेलवाले. खुर्ची नव्हती ती फक्त ज्याच्या मानेचा प्रश्न होता त्याला. प्रश्नही किती बेताचा ठेवला : माणूस फ्रान्सला परत द्यायचा की नाही? राजकीय की फौजदारी, याला कोणी हातच लावला नाही.

मुंबईच्या विशेष न्यायालयाने मात्र हेगची वाट पाहिली नाही. २४ डिसेंबर १९१० ला पहिली जन्मठेप, ३० जानेवारी १९११ ला दुसरी. हेगची सुनावणी सुरू झाली ती १४ फेब्रुवारीला. आमच्या कचेरीत निदान अपील संपेपर्यंत फाइल कपाटात तरी असते.

२४ फेब्रुवारीला निकाल लागला. वाचताना मला ते दोन ओळींचं पत्रच आठवत होतं. अटक करून हवाली करण्यात गफलत झाली, हे पंचांनी कबूल केलं. पण फ्रेंच पोलिसांना कैदी येतोय हे आधी कळवलेलं होतं, त्यांच्याकडे मदत मागितली होती आणि त्यांनी ती देऊही केली होती, सगळ्यांचा हेतू शुद्ध होता, फसवणूक नाही की जबरदस्ती नाही. आणि परक्या सरकारच्या माणसाने अशी चूक केली म्हणून कैदी परत करावाच, असा आंतरराष्ट्रीय कायद्यात नियम नाही. सबब, द्यायची गरज नाही. फ्रान्सने ऐकलं आणि मुकाट्याने मान डोलावली. १९०४ पासून इंग्लंडशी सलोखा होता, समोर जर्मनी होता. एका नाशिककरासाठी तो कोण मोडतो?

दोन्ही सरकारांची अब्रू शाबूत राहिली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला अजून शिकवतात. आपल्याकडे उडीवर भाषणं होतात, निकालावर एकही ऐकल्याचं आठवत नाही.

कैदी अंदमानला पोचला. गळ्यात अडकवायला बिल्ला मिळाला, त्यावर सुटकेचं साल कोरलेलं : १९६०.

माझ्या पत्राच्या तळाशीही एक ओळ आहे : हा निर्णय अंतिम आहे. सही मात्र वाचता येत नाही.