शिसवी कपाटाची ॲक्शन

वयाच्या बावन्नाव्या वर्षी माणसानं एक तर गुडघे बदलावेत, नाहीतर गिटार. गुडघे अजून बरे आहेत, म्हणून भाच्याला घेऊन दुकानात गेलो. घ्यायची नव्हतीच, तेवढ्या पैशात जुनी मोटार येते आणि तीत घरचे बसू तरी शकतात. पण बघायला पैसे पडत नाहीत, शिवाय एसी होता.

पहिली मार्टिन डी-२८. तिच्या घाटाला ड्रेडनॉट म्हणतात, १९०६ सालच्या ब्रिटिश युद्धनौकेवरून. मांडीवर घेताच नाव पटलं. तिचं पोट आणि माझं पोट यांच्यात सीमाप्रश्न उभा राहिला. पण ‘जी’ कॉर्ड छेडली मात्र, खर्जाचा घुमारा थेट बरगड्यांत उतरला.

‘मामा, वॉर्म आहे ना?’ भाचा म्हणाला. वॉर्म, ड्राय, वुडी! आमच्या घरी आमटीलासुद्धा कुणी इतकी विशेषणं लावत नाही.

दुसरी टेलर ८१४. हिची मान डिंकानं न चिकटवता बोल्टनं कसलेली, त्यामुळे तिचा कोन नेमका बसवता येतो. तारा फ्रेटच्या इतक्या जवळ, की बोट टेकलं की सूर. ज्या एफ कॉर्डनं माझी कॉलेजातली गिटार माळ्यावर धाडली, ती इथे पहिल्या फटक्यात वाजली. मी दुकानभर पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. आवाज मात्र लख्ख, सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येणार. मार्टिनच्या घुमाऱ्यात माझ्या चुका विरघळत होत्या, टेलरनं त्या एकेक करून नावानिशी वाचून दाखवल्या.

‘ॲक्शन अजून खाली घेऊ शकतो, सर,’ विक्रेता म्हणाला, ‘पण मग बझ येईल.’ ॲक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची; ती फार उतरवली की तार फ्रेटला घासून झणझणणार. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जी जवारी आपण मुद्दाम काढतो, तिच्या या बहिणीला इथे दुरुस्तीला पाठवतात.

गंमत म्हणजे दोघींचं लाकूड एकच: वर सिटका स्प्रूस, पाठीला आणि कडांना इंडियन रोजवुड. भाच्यानं फोनमध्ये पाहिलं. इंडियन रोजवुड म्हणजे आपलं शिसवी लाकूड! ब्राझीलचं रोजवुड मिळेनासं झालं, तेव्हा १९६९ मध्ये मार्टिन या लाकडाकडे वळली. आपल्या घाटांत उगवणारं झाड पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला जाऊन, सडपातळ होऊन, अमेरिकेतल्या स्थळासारखा भाव चढवून परत आलं होतं.

घरी येऊन मी आजोबांच्या शिसवी कपाटावर टकटक केलं. खर्ज भरदार. सस्टेन बेताचा. दार उघडायला पाय लावून ओढावं लागतं, म्हणजे ॲक्शन हाय.

‘ठोकतोस काय रे? वाळवी लागली का?’ आतून आई.

‘नाही गं, टोन बघतोय.’

‘बघून झाला की वरच्या फळीवरची परात काढून दे.’