वाड्यातील समस्त उंदीर-घुशींना अनावृत पत्र

प्रति,
समस्त उंदीर व घुशी,
मुक्काम माळा, कडीपाट, जोते आणि मोरी,
पेठेतला एक जुना वाडा, पुणे.

विषय: पुदिन्याचा वास येत असूनही जागा खाली न केल्याबाबत.

स. न. वि. वि.

या वाड्यात सर्वांत जुने कोण, यावरून आम्हा भाडेकरूंत वाद आहेत. तुमच्या ज्येष्ठतेबद्दल मात्र एकमत आहे. पागडी न देता आणि भाडेपावती न मागता तुमच्या कित्येक पिढ्या इथे सुखाने नांदल्या. तुम्हाला विष घालणे आमच्या मनाला पटत नाही. शिवाय विष खाऊन तुम्ही कडीपाटात देह ठेवला, तर तो शोधायला पाट उचकटावे लागतात, तेही पटत नाही. म्हणून आम्ही सुसंस्कृत मार्ग पत्करला: नैसर्गिक सुगंध.

फडताळात पुदिन्याच्या तेलाचे बोळे, धान्याच्या पोत्यांमागे लवंगांच्या पुरचुंड्या, जिन्याखाली वेखंड, माळ्यावर कापूर, मोरीच्या तोंडाशी लाल तिखट. वाडा असा घमघमतो की पाहुणे दिंडीतूनच विचारतात, "लग्न आहे की सगळ्यांना सर्दी झालीय?"

सुरुवातीला तुम्ही फिरकला नाहीत, हे मान्य. पुदिन्याचा जयजयकार झाला. पण रोजच्या वाटेवर कुठलीही नवी वस्तू दिसली की काही दिवस लांब राहायचे, हा तुमच्या जातीचा जन्मजात सावधपणा. तिथे बोळ्याऐवजी नवी चप्पल ठेवली असती, तरी तुम्ही तिचाही तितकाच मान राखला असतात. मग तेल हवेत उडून गेले, उरल्यासुरल्या वासाची तुमच्या नाकांना सवय झाली आणि बोळे तुम्ही बाळंतिणीच्या अंथरुणासाठी नेलेत. गर्भारपण जेमतेम तीन आठवड्यांचे आणि एका वेळी सहा-आठ पिल्ले, तेव्हा कापूस लागतोच म्हणा.

मधल्या काळात आम्ही तुमच्या बदल्या तेवढ्या केल्या. खालच्या खोलीत पुदिना दरवळला की तुम्ही वरच्या काकूंकडे. काकूंनी कापूर ठेवला की परसातल्या बिऱ्हाडात. तिथे लवंग आली की पुन्हा खाली. प्रत्येक बिऱ्हाडाला आपला उपाय लागू पडल्याची खात्री आहे, आणि प्रत्येकाची शेजारच्या बिऱ्हाडाच्या स्वच्छतेबद्दल तक्रार आहे.

पत्रात चिचुंद्रीचे नाव मुद्दाम घातलेले नाही. ती उंदीर नव्हेच. किडे खाते, झुरळांचा समाचार घेते आणि स्वतःचा उग्र वास अंगावर घेऊनच हिंडते. तिला वासाने घाबरवायला निघालेल्यांच्या धाडसाला नमस्कार.

'नैसर्गिक' या शब्दावरची आमची श्रद्धाही तुम्हाला ठाऊक असेल. देवापुढे जळतो तो बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. आणि झाडाचा असो वा कारखान्याचा, रांगत्या मुलाने तो गिळला तर झटके येऊ शकतात. कापूर संपला की आम्ही डांबरगोळ्यांवर येतो. त्या तर मुलाच्या पोटात गेल्या की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. थोडक्यात, या उपायांनी धोका आमच्याच पोरांना. तुम्ही माळ्यावरून मजा बघता.

आमचे हसू येत असेल, तर मंत्रालय आठवा. मार्च 2018 मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत सांगितले, की तिथे सात दिवसांत 3,19,400 उंदीर मारल्याची नोंद आहे. पुढे खुलासा झाला, की हा आकडा उंदरांचा नसून विषारी गोळ्यांचा. म्हणजे तिथेही मोजले ते औषध. आम्हीही तेलाच्या बाटल्या मोजतो; तुम्हाला कोण मोजतो?

आणि भोके तर कोणीच मोजत नाही. तुमच्या चिमुकल्या भाईबंदांना पेन्सिलीएवढे, म्हणजे सहा मिलिमीटरचे छिद्र पुरते. तुम्हा थोरांना त्याच्या दुप्पट. आमच्या भिंती मातीत बांधलेल्या, कडीपाटावर मातीचा थर, जोत्याच्या दगडांच्या सांध्यांतला भराव केव्हाच झडलेला. पुढचे दात जन्मभर वाढत असल्याने तुम्हाला कुरतडणे भाग, आणि वाड्याइतके मऊ कुरण दुसरे नाही. यावरचा उपाय कुठल्याही गवंड्याला ठाऊक आहे: भोकात तारेची घासणी किंवा काचेचे तुकडे कोंबून वर सिमेंट, मोरीला लोखंडी जाळी, दाराच्या खाली पत्रा आणि धान्य पोत्याऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात. सिमेंटला वास नसतो, हाच काय तो त्यातला दोष.

मग गवंडी का बोलावत नाही? ऐका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 प्रमाणे वाडा राहण्याजोगा ठेवणे हे मालकाचे काम. त्याने ते टाळले, तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा. मात्र वर्षाला भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच. आता महिना 60 रुपये भाडे धरा. वर्षाचे 720, त्याचा पाव हिस्सा 180. एवढ्यात सिमेंटची एक गोणीही येत नाही. पुदिन्याच्या तेलाची छोटी बाटली तेवढी येते. पदरचे घालावे, तर 'मालकाची भिंत आम्ही का लिंपायची?' मालक म्हणतात, 60 रुपयांत भिंत कसली मागता? वाडा आपसूक पडला तर त्यांना इमारत बांधायची आहे, आणि त्या कामी तुमच्याइतके मन लावून फुकट राबणारे दुसरे कोण मिळणार?

तरी आपणांस कळविण्यात येते, की यापुढे सुगंधी नोटिसा बंद. चारही बिऱ्हाडे वर्गणी काढून गवंडी आणत आहेत. वर्गणी जमेपर्यंत आपला मुक्काम अबाधित आहे, आणि आमचा एकोपा पाहता आपण घाई करण्याचे कारण नाही.

कळावे, लोभ नसावा.

आपले सहनिवासी,
वाड्यातील समस्त भाडेकरू

प्रत माहितीसाठी: वाड्याचे मालक. (ही प्रत पंधरा दिवसांची नोटीस समजावी. पाकिटाला पुदिन्याचा वास आल्यास क्षमस्व. घरात दुसरा कागद कुरतडायचा राहिला नव्हता.)