आटे मोजणारे अण्णा

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या प्रत्येक शहरात एक अण्णा असतात. नाव वेगळं असेल, नखांतलं काळं तेच. लग्नात सख्ख्या साडूला ते "आपण कोण?" असं विचारतील, पोत्यातून आलेलं बेवारशी इंजिन मात्र हेड उघडायच्या आधीच ओळखत आणतील.

मालकाला एवढंच ठाऊक असतं, की गाडी आजोबांनी एका संस्थानिकाकडून घेतली. अण्णा हे कानामागे टाकतात. कार्बोरेटरवर 'सोलेक्स' वाचून मालक थेट फ्रान्सला पोहोचतो, तेव्हा अण्णा म्हणतात, "कार्बोरेटर आणि जावई बाहेरून येतात. ब्लॉक दाखवा!" मग स्थळाची रीतसर चौकशी सुरू होते. व्हॉल्व्ह हेडात की ब्लॉकात? फायरिंग 1-2-4-3 आहे का? असली तर मॉडेल टी फोर्डचा संशय धरायचा.

अण्णांचा खरा जीव आट्यांत. व्हिटवर्थचा आटा 55 अंशांचा, अमेरिकन 60 चा. आणि मॉरिसचा विषय निघाला, की चहा गार झालाच म्हणून समजा. कॉव्हेंट्रीच्या हॉचकिस कारखान्यातली यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक; पण इंग्रज मिस्त्रींचे पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थच्या मापाची. 1923 साली मॉरिसने तो कारखाना घेतला आणि हा संकर पुढे कित्येक वर्षं चालवला. अण्णा हे अशा थाटात सांगतात, की विल्यम मॉरिस सल्ल्याला यांच्याच ओट्यावर येऊन बसला असावा. (मध्येच उठून जाणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं.)

शेवटी माप. तेही सुतांत. बोअर 3 इंच 1 सूत, स्ट्रोक 4 इंच 3 सूत. सिलिंडर चार, व्हॉल्व्ह ब्लॉकात.

"रोल्स-रॉइस का हो?" मालक हळूच विचारतो.

"जीप. विलिस. साठ हॉर्सपॉवर."

मालकाचा चेहरा उतरतो. पण अण्णांच्या लेखी हा अपमान नव्हेच. दुसरं महायुद्ध ज्या इंजिनावर धावलं, ते संस्थानिकाच्या बॉनेटखाली आलं, यात बढती संस्थानिकाचीच!

तुमच्याकडे असं काही पडलं असेल, तर अण्णांकडे खुशाल न्या. फक्त रंगवून नेऊ नका. ब्लॉकवरचा ओतीव आकडा रंगाखाली बुजला, तर ते इंजिन ओळखतील, तुम्हाला ओळख देणार नाहीत.